सात पौंड चाळीस

मी विद्यापीठाच्या तिसऱ्या मजल्यावर बसतो.
पावत्या जुळवतो. एवढंच.
खिडकीतून वेल्सची ती करडी खाडी दिसते,
पण ओहोटी कधी लागते ते मला विचारू नका.

'लोकसहभाग' या शीर्षाखाली
तीन वर्षांचं अनुदान आलं,
तेव्हा टेबलावर एक निळी फाइल आली,
आणि फाइलीत डॉक्टर टेगवेन प्रॉसरची खरडलेली चिठ्ठी:
गमबूट चार जोड. चहा. बिस्किटं. मॉर्वेनबाईंचं भाडं.

मॉर्वेन बायनन, वय एकाहत्तर.
अकराव्या वर्षापासून वाळूवर वाकलेली,
हातात दाताळं, पायाशी चाळण,
शिंपल्या वेचायच्या, उकडायच्या, विकायच्या.
भर उन्हाळ्यात शिंपल्या मरतात कशाने,
हे विद्यापीठाला हवं होतं.
किती मरतात, कुठल्या अंगाने मरत येतात,
ते तिच्याकडे होतं,
पावाच्या कागदी पिशव्यांवर, पेन्सिलीने,
बावीस उन्हाळे.

पिशव्या स्कॅन करायला मी चौदा पौंड मंजूर केले.
बाईला द्यायला रकाना नव्हता.
ती पुरवठादार नाही, कर्मचारी नाही, विद्यार्थिनी नाही.
यादीत 'इतर' होतं,
आणि 'इतर' दाबलं की पडदा लाल व्हायचा.

मग पुरस्कार मिळाला.
जाड काच, लाटेसारखी वळलेली.
कोरणारा अक्षरामागे पैसे घेतो,
ओळीत मावतात सव्वीस.
माझ्याकडे नावं दोन आली होती.
पुढे एकच गेलं.
कुणी सांगितलं नव्हतं मला.
मी हिशेबी माणूस,
हिशेब केला.

समारंभाला ती जांभळ्या कोटात आली,
बोटांच्या पेरांत अजून मीठ.
कुलगुरू म्हणाले, आम्ही ज्ञान लोकांच्या दारापर्यंत नेलं.
ती शेजारणीला म्हणाली, ऐकू कमी येतं म्हणून जरा मोठ्यानेच,
'दारापर्यंत? बस तर चर्चपाशीच थांबते.'
चार रांगा हसल्या.
टेगवेनने मंचावरून तिचं नाव घेतलं, दोनदा घेतलं,
खाली उतरून काच तिच्या हातात ठेवली.
तिने चष्मा कपाळावर सारून वाचली,
पुसली कोटाच्या बाहीने,
परत दिली.

कोट टांगायच्या खोलीत तिने मला गाठलं.
'तूच ना तो पैशांचा?
माझं बसभाडं राहिलंय. जाऊन येऊन सात चाळीस.
तिकीट हरवलं. पण बस आली होती ना?
नाहीतर मी इथे पोहत आले का?'

मी पाकीट काढलं.
तिने माझं मनगट धरलं, दाताळं धरावं तसं.
'तुझे नकोत, पोरा.
त्यांचे हवेत.
त्यांच्या वहीत कुठंतरी लागू दे नाव.'

पाच महिने लागले.
बँकेचं पत्र, ओळखीचे दोन पुरावे,
हरवलेल्या तिकिटाबद्दल प्रतिज्ञापत्र,
आणि रजेवर गेलेल्या कुणाची तरी तिसरी सही.
सात चाळीससाठी विद्यापीठाने किती खर्च केला
तो हिशेब मात्र मी केला नाही.

मार्चच्या एका मंगळवारी ओळ उमटली:
एम. बायनन, बस, जाणे-येणे, ७.४०.
मी ती छापून घेतली. कशाला, माहीत नाही.

तोवर अनुदान संपलं होतं.
टेगवेन उत्तरेला गेली दुसऱ्या नोकरीवर,
काच खालच्या दालनात, दिव्याखाली.
निळी फाइल बंद करायची तेवढी राहिली होती,
तर जूनमध्ये एक पाकीट आलं. माझ्याच नावाने.
आत पावाच्या पिशवीचा फाडलेला तुकडा:

'पैसे पोचले.
यंदा मर तीन आठवडे आधी लागली.
पूर्वेकडून. चाळणीत दहातल्या सहा उघड्या.
कुणाला तरी सांग.'

मी दुपारभर तो तुकडा घेऊन बसलो.
नंतर खिडकीपाशी गेलो.
पाणी आत येत होतं की बाहेर जात होतं,
बराच वेळ बघितल्यावर
थोडंसं कळलं.